मागे राहणाऱ्याची जागा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



तमिळनाडूत कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम हे प्राचीन नगर वसले आहे. दर बारा वर्षांनी तेथील महामहम तलावात स्नानासाठी लक्षावधी यात्रेकरू जमतात. पितळेची भांडी, विड्याची पाने आणि दाट दुधाची कॉफी यांसाठीही हे गाव ओळखले जाते. याच गावात १८२८ साली एका मराठी घरात एक मुलगा जन्मला आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचा दिवाण झाला. ते सर टी. माधवराव. आजही कुंभकोणम आणि तंजावरच्या परिसरातील काही घरांत मराठी बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे, तिच्यात आपल्याकडे लोपलेले काही जुने शब्द टिकून आहेत. पण ती मराठीच आहे. सह्याद्रीपासून इतक्या दूर, भाताच्या हिरव्या खाचरांत ही भाषा पोहोचली कशी, असा प्रश्न तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला पडतो.

तिला तेथे सैन्याने नेले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सुमारे १६७६ मध्ये तंजावरचे राज्य हस्तगत केले आणि १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे, कुंभकोणमसह हा सारा कावेरीचा प्रदेश भोसल्यांच्या सत्तेखाली राहिला. परंतु सैन्य म्हणजे केवळ तलवार चालवणारे हात नव्हेत. त्यांच्याबरोबर हिशेब ठेवणारे आले, पत्रे लिहिणारे आले, औषध देणारे आले, दुभाषे आले, स्वयंपाक रांधणारे आले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे जे मोठे भांडार आज जपले आहे, ते या लेखणीवाल्यांच्या हातचे आहे. लढाई जिंकणाऱ्याचे नाव इतिहासाने लक्षात ठेवले. राज्य चालवणारी ही माणसे मात्र बव्हंशी निनावी राहिली.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांच्याशी जोडलेला आहे. लष्कराच्या विशेष कारवाया करणाऱ्या लहानशा तुकडीत कोणकोणत्या भूमिका असतात आणि त्यांपैकी मोठी कोणती, हा तो विषय. तो पाहण्यासाठी दोन गोष्टी समोर ठेवायच्या आहेत. एक आजच्या भारतीय सैन्यातील. दुसरी १६८९ सालची, पन्हाळ्यापासून जिंजीपर्यंतच्या वाटेवरची.

प्रथम आजची तुकडी पाहू. भारतात या प्रकारच्या दलाचा प्रारंभ १९६५ च्या युद्धात झाला. मेजर मेघसिंह यांनी निवडक स्वयंसेवकांची 'मेघदूत फोर्स' नावाची तुकडी उभी करून शत्रूच्या पिछाडीवर छापे घातले. तो प्रयोग यशस्वी ठरल्यावर १९६६ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची पहिली कमांडो पलटण उभी राहिली. आज त्या परंपरेतील पलटणींना पॅरा स्पेशल फोर्सेस म्हणतात. नौदलाचे मार्कोस हे दल १९८७ मध्ये, तर हवाई दलाचे गरुड हे दल २००४ मध्ये अस्तित्वात आले. मराठी माणसाला जवळची वाटावी अशी एक पलटण या दलांत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची २१ वी पलटण १९९० च्या दशकात स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली. २१ पॅरा या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पलटणीचे टोपणनाव आहे 'वाघनख'.

या दलात कोणाला सक्तीने धाडता येत नाही. जाणारा स्वेच्छेने जातो. काही महिन्यांच्या कठोर परिवीक्षेत त्याची पारख होते आणि बहुसंख्य उमेदवार त्या चाळणीत गळतात. जे उरतात त्यांच्या छातीवर 'बलिदान' ही अक्षरे असलेले चिन्ह चढते. त्यांची साधारण सहा जणांची तुकडी हा कारवाईचा मूळ घटक मानला जातो. जगात इतरत्रही संख्या अशीच लहान आहे. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात डेव्हिड स्टर्लिंग यांनी ब्रिटिशांचे जे विशेष दल उभे केले, त्यात चौघांच्या गस्ती तुकडीची पद्धत रूढ झाली. अमेरिकी सैन्यातील अशी मूळ तुकडी बारा जणांची असते. चार, सहा, बारा, कोणताही आकडा घ्या, त्यात एकही माणूस जास्तीचा नसतो. हजारांच्या फौजेत एखाद्याचे काम चुकले तर दुसरा ते सावरतो. सहांच्या तुकडीत एकाचे काम चुकले की सहाही जण संकटात सापडतात.

या सहांत कोण कोण असतात? एक पथकनायक असतो. हेतू काय, वाट कोणती, परतायचे केव्हा आणि मोहीम सोडून द्यायची केव्हा, हे त्याने ठरवायचे असते. त्याच्याबरोबर त्याचा दुय्यम असतो; नायक पडला तर त्याच क्षणी सूत्रे हाती घेण्याइतकी सारी योजना त्यालाही मुखोद्गत असावी लागते. सर्वांच्या पुढे चालणारा टेहळ्या असतो. अंधारात पाऊल कोठे टाकायचे, कोणती फांदी नुकती मोडली आहे, कोठला पक्षी अकारण उडाला, हे तो वाचतो. वाट राखणारा नकाशा आणि होकायंत्र सांभाळतो, पावले मोजतो. उपग्रहावरून स्थान दाखवणारी यंत्रे आज आहेत. परंतु यंत्राची बॅटरी संपली म्हणून वाट चुकली, हे कारण तुकडीत चालत नाही.

संदेशवहन करणाऱ्या जवानाच्या पाठीवर इतरांपेक्षा अधिक ओझे असते, कारण त्याला संच आणि जादा बॅटऱ्या वाहाव्या लागतात. त्याने कदाचित एकही गोळी झाडलेली नसते. पण मदतीला हेलिकॉप्टर येणार की नाही, हे त्याच्या हातातील संचावर अवलंबून असते. स्फोटकांचा जाणकार वेगळा. कोणत्या तुळईला किती दारूगोळा लागेल याचे गणित त्याने आधीच करून ठेवलेले असते. १९७१ च्या युद्धात, १३ व १४ डिसेंबरच्या मधल्या रात्री, ९ पॅरा कमांडोंनी पूंछ भागात मंधोल येथील शत्रूच्या तोफा निकामी केल्या. त्या रात्री शत्रूच्या ठाण्यापर्यंत पोहोचणे हे अर्धे काम होते. तोफा नेमक्या जागी स्फोटके लावून उडवणे हे उरलेले अर्धे होते, आणि ते जाणकाराचे होते. नेमबाज असला तर तोही एकटा नसतो. त्याच्याशेजारी अंतर आणि वारा मोजून सांगणारा सहकारी पडलेला असतो. त्याच्या अंदाजावाचून नेम धरता येत नाही.

यानंतर वैद्यकीय जाणकार. तो डॉक्टर नसतो, जवानच असतो. परंतु रक्तस्राव थांबवणे, श्वास मोकळा करणे, तुटलेले हाड बांधणे हे त्याला गोळीबारातही जमावे लागते. रणांगणावर पुष्कळ जखमींचे प्राण जखमेने जातात त्याहून रक्त वाहून जातात, आणि ते थांबवण्यासाठी हाती काही मिनिटेच असतात. तुकडीतला सर्वांत शूर माणूस जेव्हा जमिनीवर पडतो, तेव्हा त्याचे आयुष्य या शांत डोक्याच्या सोबत्याच्या बोटांत असते.

सर्वांत शेवटी चालणारा जो असतो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्याचे तोंड बहुतेक वेळ मागे वळलेले असते. पाठलाग होतो आहे का, हे तो पाहतो. मागचे माग शक्य तेथे मिटवतो. मधूनमधून माणसे मोजतो. तुकडीला शत्रूशी संबंध तोडून निघायचे असले, तर इतर जण निघेपर्यंत कोणीतरी थांबून शत्रूला गुंतवावे लागते. ते थांबणे बहुधा या शेवटच्या माणसाच्या वाट्याला येते.

प्रत्येकाचे काम असे वेगळे असले, तरी प्रत्येकाला दुसऱ्याचेही काम थोडेफार येते. अमेरिकी तुकडीत शस्त्रे, बांधकाम व स्फोटके, वैद्यक आणि संदेशवहन या प्रत्येक विद्येचे दोन-दोन जाणकार मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणजे प्रसंगी बारांच्या दोन पूर्ण तुकड्या करता याव्यात. आपल्याकडे जोडीदाराची, लष्करी भाषेत 'बडी'ची, पद्धत आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील हंदवाड्याच्या जंगलात ९ पॅराच्या तुकडीतील दोन सोबती जखमी होऊन पडले. लान्स नायक मोहननाथ गोस्वामी आपल्या जोडीदारासह त्यांना सोडवण्यासाठी पुढे सरसावले. स्वतःला गोळ्या लागल्यावरही त्यांनी झुंज चालू ठेवून जखमी सोबत्यांचे प्राण वाचवले आणि मग प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. जखमी सोबत्यासाठी परत फिरणे, हे त्या दिवशीचे त्यांचे काम होते आणि त्या कामासाठी देशाने आपला शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यसन्मान दिला.

आता तीनशेहून अधिक वर्षे मागे जाऊ.

११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाने हत्या केली. राजधानी रायगडाला मोगली फौजेचा वेढा पडणार, हे स्पष्ट होते. त्या वेळी महाराणी येसूबाईंनी जो निर्णय घेतला, तो मराठ्यांच्या इतिहासातील मोठ्या निर्णयांपैकी एक आहे. राजघराण्यातील सर्वांनी एकाच गडावर कोंडून घेणे धोक्याचे होते. म्हणून धाकटे दीर राजाराम यांनी गडाबाहेर पडावे आणि आपण लहानग्या शाहूसह गडावर थांबावे, असे त्यांनी ठरवले. राजारामांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पुढे रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैद झाले. शाहू १७०७ मध्ये सुटले; येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. तीस वर्षे! एकाने निसटावे म्हणून दुसऱ्याने मागे थांबण्याची किंमत या आकड्यात मोजता येते.

राजाराम रायगडावरून निघून पन्हाळ्यास आले. तेथेही मोगल पोहोचले. तेव्हा कर्नाटक ओलांडून थेट तमिळ देशातील जिंजीच्या किल्ल्यात जायचे ठरले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेऊन तिची तटबंदी बळकट केली होती. त्या दूरदृष्टीचे फळ आता मिळणार होते. १६८९ च्या सप्टेंबरअखेर मोजक्या साथीदारांसह राजाराम यात्रेकरूंच्या वेषात पन्हाळ्यावरून निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मराठ्यांच्या ताब्यातील वेल्लोरला पोहोचले. सुमारे महिन्याभराचा हा प्रवास बहुतांशी शत्रूच्या मुलखातून झाला. राजारामांचे समकालीन केशव पंडित यांनी 'राजारामचरितम्' या संस्कृत काव्यात या प्रवासाचे वर्णन करून ठेवले आहे.

आजच्या भाषेत ही विशेष कारवाईच होती. हेतू एकच, राजा जिवंत जिंजीला पोहोचवणे. लढाई जिंकणे हा हेतू नव्हता; शक्य तेथे ती टाळायची होती. या चमूतील भूमिका आजच्या तुकडीशी ताडून पाहिल्या तर आश्चर्य वाटते. प्रल्हाद निराजी हे मुत्सद्दी. योजना आणि सल्ला त्यांच्याकडे. रूपाजी भोसले, संताजी जगताप यांच्यासारखे लढवय्ये शस्त्रासाठी. कन्नड मुलुखाच्या वाटा आणि बोली जाणणारी माणसे वाटाड्या म्हणून. तुंगभद्रेच्या परिसरात पाठलागावरील मोगली फौजेने त्यांना गाठले, तेव्हा काहींनी थांबून शत्रूला अडवले आणि राजारामांना पुढे जाऊ दिले. केळदीच्या राणी चेन्नम्मा यांनी आपल्या राज्यातून वाट दिली. औरंगजेबाचा रोष ओढवून घेऊन, त्याची फौज अंगावर येईल हे ठाऊक असूनही दिली. त्या चमूत नव्हत्या, पण त्यांच्यावाचून मोहीम तेथेच संपली असती.

आणि चमूत एक चिटणीस होते, खंडो बल्लाळ. चिटणीस म्हणजे पत्रे लिहिणारा, लेखणीचा माणूस. धावत्या, लपत्या तुकडीला लेखणीचा काय उपयोग, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर बंगळुरात मिळाले.

बखरींत हा प्रसंग येतो तो असा. बंगळुरात मुक्काम असताना सेवकांनी राजारामांचे पाय धुतले. साध्या यात्रेकरूचे पाय असे कोणी धुवीत नाही. पाहणाऱ्यांच्या मनात संशय आला, आपसांत कुजबुज झाली आणि ठाणेदाराकडे वर्दी गेली. ती कुजबुज चमूतील कन्नड समजणाऱ्यांच्या कानी पडली. वेळ फार थोडा होता. राजारामांनी एक-दोघांसह दुसऱ्या वाटेने तत्काळ निघून जावे आणि बाकीच्यांनी काही घडलेच नाही अशा थाटात तेथेच थांबावे, असे ठरले. थांबणाऱ्यांत खंडो बल्लाळ होते. ठाणेदाराची माणसे आली. थांबलेल्यांना पकडून नेले, मारहाण झाली, डोक्यावर दगड दिले, तोंडाला राखेचे तोबरे बांधले. 'आम्ही रामेश्वराचे यात्रेकरू' यापलीकडे एक शब्द त्यांच्याकडून निघाला नाही. अखेर हे खरोखरच यात्रेकरू असावेत, असे समजून त्यांना सोडून दिले. तोवर राजाराम दूर गेले होते.

या प्रसंगात लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे चूक कशी झाली. ती फितुरीतून झाली नाही, भित्रेपणातूनही झाली नाही. ती आदरातून झाली. राजाचे पाय धुणे हा सेवकांचा नित्याचा शिष्टाचार. वेष बदलला, वाट बदलली, नावे बदलली. मानाची सवय तेवढी बदलायची राहिली आणि तिने सर्वांना उघडे पाडले. युद्धक्षेत्रात अधिकाऱ्याला सलाम ठोकू नये, हा आजच्या सैनिकांचा नियम याच कारणाचा आहे. कोणाला सलाम होतो हे शत्रूच्या नेमबाजाला दिसले, तर पहिली गोळी त्यालाच लागते. तुकडीत नायकाचा अधिकार असतो. थाट मात्र मोहिमेला मारक ठरतो.

दुसरी गोष्ट खंडो बल्लाळांची. त्यांचे वडील बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे विश्वासू चिटणीस. १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांच्या आज्ञेने त्यांना देहदंड झाला. ज्या घराण्याच्या आज्ञेने पित्याचे प्राण गेले, त्याच घराण्याच्या राजपुत्रासाठी आठ वर्षांनी मुलगा बंगळुरात राखेचा तोबरा सोसत होता. एक शब्द उच्चारला असता तर छळ थांबला असता, कदाचित मोठे बक्षीसही मिळाले असते. मनात काय उलथापालथ झाली असेल, याची नोंद कोणत्याही कागदात नाही. त्यांनी काय केले, तेवढे मात्र परंपरेने जपले आहे. आयुष्यभर शब्दांचा व्यवहार करणाऱ्या त्या माणसाची त्या दिवशीची भूमिका एकही शब्द न बोलण्याची होती आणि त्यांनी ती पूर्ण केली.

योगायोग पाहा. भारतीय पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आज त्याच बंगळुरात आहे. पाठीवर ओझे घेऊन तेथे पहाटे धावणाऱ्या तरुणांना खंडो बल्लाळ हे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण पकडले गेल्यावर तोंड कसे मिटून ठेवायचे, हे विशेष दलांतील जवानांना आजही शिकवले जाते.

राजाराम जिंजीला पोहोचले आणि मराठ्यांचे राज्य तेथून चालू लागले. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना रात्रंदिवस झोप लागू दिली नाही. १६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला. तो या ना त्या स्वरूपात जवळजवळ आठ वर्षे चालला. एवढा काळ एक किल्ला तग धरतो, तेव्हा तटावरच्या तोफांइतकाच प्रश्न कोठारातील धान्याचा असतो. येथे कुंभकोणमचा प्रदेश या कथेत येतो. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे तेव्हा तंजावरच्या गादीवर होते. राजाराम त्यांचे चुलतबंधू. कावेरीकाठच्या भातशेतीने समृद्ध असलेल्या या राज्यातून जिंजीला मदत पोहोचत राहिली. मोगलांनाही तिचे मोल कळले होते. म्हणूनच १६९४ मध्ये झुल्फिकारखान तंजावरवर चालून गेला आणि राजारामांना साहाय्य करणार नाही, असे त्याने शहाजीराजांकडून कबूल करून घेतले. भात पिकवणारा, ते पोत्यांत भरणारा, बैलगाडीतून वाहून नेणारा कावेरीकाठचा शेतकरी कोणत्याही तुकडीत नव्हता. त्याच्या नावाचा शिलालेख नाही. पण बादशहाच्या सेनापतीला त्याच्यासाठी फौज घेऊन यावे लागले.

१६९८ च्या प्रारंभी जिंजी पडली. त्याआधी राजाराम निसटले होते. त्या सुटकेतही खंडो बल्लाळ होते. वेढ्यातील मोगली सैन्यात असलेल्या शिर्क्यांची मदत मिळावी म्हणून त्यांनी आपले दाभोळचे वतन त्यांना देऊन टाकले, असे बखरी सांगतात. सुमारे आठ वर्षांपूर्वी देह दिला होता. या वेळी घरातली पिढीजात मिळकत दिली.

हे सारे शाळेच्या हीरक महोत्सवात का सांगायचे?

कारण शाळा साठ वर्षे मुलांना भूमिका देत आली आहे. वर्गप्रमुख, संघनायक, नाटकातला राजा, संचलनातला पहिला, गुणवत्ता यादीतला पहिला. शिक्षकांच्या भेटीला आलेल्या पालकांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 'आमचा मुलगा पुढे येईल ना?', 'आमच्या मुलीत नेतृत्वगुण दिसतात ना?' प्रश्न प्रेमाचा आहे, त्यात गैर काही नाही. परंतु सहांच्या तुकडीत नायक एकच असतो. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस नायक घडवायचे ठरवले, तर जखम बांधायला शिकणार कोण? संदेश पोहोचवणार कोण? सर्वांच्या मागे राहून माणसे मोजणार कोण? ज्या घरात केवळ पुढच्या जागेचेच कौतुक होते, त्या घरातले मूल मागची जागा वाट्याला आली की स्वतःला हरलेले समजू लागते. हा धोका खरा आहे आणि तो परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घराघरांत दिसतो.

याचा अर्थ नेतृत्व नको, असा नाही. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी आणि 'वाघनख' पलटणीचे अधिकारी होते. राष्ट्रीय रायफल्सच्या ४१ व्या बटालियनचे नेतृत्व करीत असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात ते धारातीर्थी पडले. हाताखालच्यांना पुढे धाडून ते स्वतः मागे राहिले नाहीत. नायकाची जागाही काही मागते, आणि ती बहुधा सर्वांआधी मागते. त्यांच्या पश्चात पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश केला. दोन मुलांची आई असलेल्या या स्त्रीने मागे राहिलेल्या माणसाची भूमिका कोठवर जाऊ शकते, हे दाखवून दिले. येसूबाईंचे थांबणे आणि स्वातीताईंचे चालू लागणे, दोन्हींमागे विचार एकच होता: आता आपल्या वाट्याचे काम कोणते?

शाळेने मुलाला हा प्रश्न विचारायला शिकवावे. 'माझा क्रमांक कितवा?' हा प्रश्न त्याला जग शिकवणारच आहे. संचलनात शेवटच्या रांगेत पाय जुळवणारा विद्यार्थी, स्नेहसंमेलनात पडदा ओढणारा, सहलीत चक्कर आलेल्या मैत्रिणीजवळ बसून राहिल्यामुळे किल्ला पाहायचा राहून गेलेली मुलगी, आजारी मित्राला रोजचा अभ्यास नेऊन देणारा शेजारी: गुणवंतांच्या फलकावर यांची नावे लागली नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी आज आपल्या वर्गाची आठवण काढताना या नावांचीही आठवण काढावी. बहुतेकांना ती चटकन आठवतील, कारण पहिला आलेला कोण हे कालांतराने विसरते, पण आपल्यासाठी थांबलेला कोण हे विसरत नाही. पालकांनीही आज घरी गेल्यावर मुलाला एवढेच विचारून पाहावे: 'आज कोणासाठी थांबलास?' उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. प्रश्न रोज विचारला गेला की उत्तर तयार होत जाते.

कावेरीच्या काठी आजही मराठी बोलली जाते, ती तेथे राज्य जिंकणाऱ्यांच्या जोडीने आलेल्या कारकुनांनी, वैद्यांनी, आचाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी घराघरांत जपली. राज्य १८५५ मध्ये गेले. भाषा त्यांच्याजवळ राहिली.

साठ वर्षे या शाळेत घंटा वाजवणारे, खडू पुरवणारे, फळा पुसणारे, उशिरा आलेल्या मुलाला हळूच आत घेणारे सारे हात आजच्या सोहळ्याचे मानकरी आहेत. त्या सर्वांना वंदन, आणि शाळेला शताब्दीच्या वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.